पासष्टचा टायर

तळवड्याच्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवणारे एक चाचा मला एकदाच भेटले. मी नुकतीच जुनी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतली होती आणि तिच्यातून मागे घुमल्यासारखा आवाज यायचा. चाचांनी मापाचे आकडे न वाचता टायरांवरून नुसता तळहात फिरवला. मागच्या डाव्या चाकापाशी मात्र ते उकिडवे बसूनच राहिले.

"बाकीचे तीन साठचे आहेत, हा पासष्टचा, म्हणजे जरा उंच. या गाडीला चारही एका मापाचे लागतात, साहेब. नाहीतर आतले गिअर जळतात."

"मग हा आला कुठून?"

त्यांनी रबरावरचा एक जुना चरा दाखवला. "ही खूण माझी. हा मी दुसऱ्या गाडीला बसवला होता. चाकणला ट्रकखाली गेली ती गाडी. तिच्या भंगारातून फिरून आला असणार."

"कोणाची गाडी?"

"माझ्या मुलाची," ते टायरलाच सांगावं तसं म्हणाले.

त्यांनी चारही नवे टायर बसवले. तो जुना मात्र ढिगावर टाकला नाही. मी निघालो तेव्हा ते त्याला पाण्याने धूत होते, हळू आवाजात त्याच्याशी बोलत होते. मध्येच थांबून ऐकायचे, आणि मान हलवायचे.