भिंत वाळेपर्यंत

आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. मातीच्या भिंती, वर धाब्याचं छत, आत शेणाने सारवलेली जमीन. त्या वर्षीच्या पावसाळ्यात छताने राम म्हटला. आषाढात माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि तिची शेवटची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, चालली असताना वरून पाणी गळत होतं. धर्मशिक्षण देणारे मास्तर तिच्या शवपेटीवर पाणी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी घमेलं धरून उभे होते. मला त्या दिवसाचा घमेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज तेवढा आठवतो. मी रडल्याचं आठवत नाही. सगळे रडत होते, म्हणून मी डोळ्यांना पदर लावला होता.

पाऊस उघडल्यावर फादरांनी ठरवलं की राखेच्या बुधवारच्या आत, म्हणजे चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आत, देऊळ नीट करायचं. मातीचं छत काढून मंगलोरी कौलं घालायची, भिंती उंच करून चुन्याचा गिलावा द्यायचा. कौलं रेल्वेने शेगावला उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी आली. तोवर रविवारची मिस्सा शाळेच्या पडवीत होऊ लागली.

तिकडे देवळाचं ठरत होतं तेव्हाच घरात माझंही ठरलं. बहिणीचं लेकरू आमच्याकडे होतं, बकरीच्या दुधावर वाढत होतं. माय एका संध्याकाळी भाकरी थापता थापता बापाला म्हणाली, "लेकरू परक्या बाईच्या हाती द्याचं काय?" बाप काही बोलला नाही. म्हणजे ठरलं. मला भाऊजींना द्यायचं, बहिणीच्या जागी.

मी मोठी तोंडाळ पोरगी. चुलीला ओली लाकडं कोणी आणली यावरून घर डोक्यावर घ्यायची. शाळेत सिस्टरशीही वाद घालायची. पण या गोष्टीवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला राग आला नव्हता, दुःखही झालं नव्हतं. बहीण गेल्यापासून माझं सगळं अंग बधिर पडल्यासारखं झालं होतं. जेवायला बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. मायला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

मेव्हणीशी लग्न करायचं तर आमच्यात बिशपसाहेबांची परवानगी लागते. ती नागपूरहून आली. आता अडचण एकच होती. उपासाच्या दिवसांत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, आणि फादरांचं म्हणणं, लग्न वेदीसमोरच लागेल, शाळेच्या पडवीत नाही. हे त्यांनी रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं. देऊळ राखेच्या बुधवारच्या आत उघडलं तर ठीक, नाहीतर लग्न इस्टरनंतर. मी बायकांमध्ये बसले होते. किती महिन्यांनी माझ्या डोक्यात काहीतरी हललं. देऊळ वेळेत झालं नाही तर मला सुटका नाही तर नाही, पण मुदत तरी मिळत होती. मला तेवढीच हवी होती. बहिणीचं लुगडं अजून आमच्या दांडीवर होतं हो. ते तिथे असताना मी तिच्या घरात कशी जाऊ?

चुना मळायची घाणी देवळामागे घातली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. चुन्यात वाळू आणि गूळ घालून ते दिवसभर फिरायचं. सगळ्या घरांनी अंगमेहनत दिली. माय वाळू चाळायला सगळ्यात आधी जायची आणि सगळ्यात शेवटी यायची. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. एक लेक मातीत घातली होती, नातवाला आई मिळाली की तिचा जीव खाली पडणार होता. मी तिला दोष दिला नाही, अजूनही देत नाही.

माझ्याकडे पाण्याचं काम आलं. गिलाव्यावर पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. गवंडी नांदुऱ्याचे म्हातारे मुसलमान चाचा होते, दिवसभर पान चघळत परांचीवर बसलेले असायचे. मी विहिरीवरून हंडे आणायची आणि भिंतीवर पाणी मारायची. ते थांब म्हणाले तरी मी मारत राहायची. चाचा हसायचे. म्हणायचे, मार बेटी मार, दिवाल जितकं पाणी पिईल तितकी पक्की होईल. मला काय करायची होती पक्की भिंत! मला ती ओली हवी होती. परांची उतरायला नको होती.

भाऊजींचं गाव सोनाळ्याच्या वाटेवर. ते आपल्या गाडीने नाल्यातली वाळू आणायचे. दिवस कलायला आला की बैल सोडून देवळाच्या दाराशी जायचे आणि भिंतीला पंजा टेकवून उभे राहायचे. जागाही ठरलेली, दाराच्या डाव्या हाताला. मग पंजा पाहायचे, धोतराला पुसायचे आणि लेकराला घ्यायला आमच्या घरी यायचे. लेकरू मांडीवर घेऊन बसायचे. मायशी बोलले तर बोलले, माझ्याकडे बघायचेही नाहीत.

त्या पंजाचा मला मनस्वी राग होता. बहीण जाऊन वर्ष नाही झालं आणि या माणसाला रोज भिंत वाळली का पाहायचं सुचतं! त्या सगळ्या दिवसांत मला काही वाटलं असेल तर तो रागच. बाकी सगळं सुन्न होतं. मी त्या जागेवर जास्तीचा हंडा ओतायची.

पण हवा माझ्या बाजूची नव्हती. माघ सरत आला की आमच्याकडे कोरडं वारं सुटतं, ओठ फुटतात, वाळत घातलेलं धुणं दुसरं पिळेपर्यंत कडक होतं. भिंत वरून पांढरी होत खाली आली. उपासाच्या आधीच्या आठवड्यात चाचांनी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकली, कान लावून आवाज ऐकला आणि फादरांना सांगितलं, हो जाएगा. दुसऱ्या दिवशी परांची उतरली. बायांनी आतली जमीन सारवली. मीही सारवली.

बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळतात. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली शिंदीची पानं लोक घरी क्रुसामागे खोचून ठेवतात आणि पुढच्या उपासाआधी परत आणून देतात. मायने आमच्या घरची आणली आणि भाऊजींच्या घरचीही. भाऊजींच्या घरचं पान बहिणीने हातात धरलं होतं, तेव्हा तिला पोट दिसायला लागलं होतं. मायने ते मास्तरांच्या टोपलीत टाकलं आणि टोपलीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी बाजूलाच होते. मला काही वाटलं नाही.

मंगळवारी लग्न लागलं. देवळात ओल्या चुन्याचा वास होता, डोळे चुरचुरत होते, आणि त्यामुळे मी रडतेय असं सगळ्यांना वाटलं. मिस्सा लॅटिनमध्ये असायची, पण लग्नाचा प्रश्न फादर आमच्या भाषेत विचारायचे, आपल्या परदेशी जिभेने एकेक शब्द तोडत. तू आपल्या खुशीने या माणसाला पती करून घेतेस काय? इतक्या महिन्यांत मला खुशी विचारणारा हा पहिलाच माणूस. तोही पुस्तकात लिहिलंय म्हणून विचारत होता. पुढच्या रांगेत माय बसली होती आणि तिच्या मांडीवर लेकरू तिच्या गळ्यातला दोरा चावत होतं. मी हो म्हटलं. आवाज चांगला खणखणीत आला म्हणे, नंतर बायांनी कौतुक केलं.

सासरी गेले. घर ओळखीचंच होतं, डबे कुठे ठेवलेत तेही ठाऊक होतं. भाऊजी ज्वारीच्या राखणीला म्हणून खळ्यात निजायला गेले. मला वाटलं, काम असेल.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. आम्ही लेकराला घेऊन गाडीने देवळात आलो. माझ्या हातांची हळद गेली नव्हती. रांगेत माझी पाळी आली तेव्हा फादर क्षणभर थांबले, मग त्यांनी अंगठ्याने माझ्या कपाळावर राख लावली आणि लॅटिनमध्ये तेच म्हटलं जे सगळ्यांना म्हणत होते. तू धूळ आहेस हे ध्यानात ठेव, असा त्याचा अर्थ मास्तरांनी शिकवला होता. लेकरालाही राख लावली. त्यात त्याच्या आईच्या हातची झावळी होती, हे मला तेव्हा आठवलं.

बाहेर आलो तर भाऊजी पुन्हा दाराच्या डाव्या हाताला गेले आणि त्यांनी भिंतीला पंजा टेकवला. माझं डोकं फिरलं. लग्न होऊन गेलं होतं, आता आणखी काय पाहायचं राहिलं होतं? मी म्हटलं, "भाऊजी, आता काय पाहून राह्यले? वाळली नं तुमची भिंत!"

ते दचकले. मी त्यांच्याशी इतकं पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी पंजा काढला नाही. भिंतीकडेच बघत म्हणाले, "सवय पडली. मी ओल पाहात होतो. ओली राह्यली तं लगन इस्टरपर्यंत टळते, असं वाटे मले."

मी लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुले कोणी इचारलं नाही," ते म्हणाले. "मलेबी नाही. मी तं तिले अजून रोज हाका मारतो." मग माझ्या हातातलं लेकरू त्यांनी घेतलं. "उपासात नवराबायकोनं दूर राहावं, असं मास्तर सांगते. चालीस दिस हायेत. मी खळ्यातच निजत जाईन. इस्टर झाल्यावर पाहू. घाई नाही."

त्यांच्या हाताची जागा भिंतीवर दिसत नव्हती, पण मला पाठ होती. मी तिथे हात लावला. वरून पांढरी झालेली भिंत तिथे अजून गार होती, बोटांना ओल लागली. माझंच पाणी होतं ते. मग मला रडू फुटलं. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा, भर देवळाच्या दारात, येणाऱ्या जाणाऱ्या लोकांसमोर, मी तिला हाक मारून रडले. माय धावत आली. भाऊजींनी तिला हाताने थांबवलं आणि लेकरू खांद्यावर घेऊन माझ्या बाजूला उभे राहिले.

इस्टरपर्यंत मी त्यांना भाऊजीच म्हणत राहिले.