पानी कुठी जाईन

मलकापुरात आमच्या शेठजींनी जुन्या लॉरीवर निजायची खोली बांधून घेतली होती. गोऱ्या अंमलदारांना घेऊन शिकारीला निघाले की मुक्काम तिच्यातच असे. मी तिचा ड्रायव्हर. एकदा शेठजींच्या मनात आलं, मागच्या बाजूला उघड्यावर अंघोळीची सोय हवी. मी लॉरी पत्र्याचं काम करणाऱ्या एकाकडे नेली.

तो माझा नेहमीचाच. बोलताना माणसाकडे न बघता हातातल्या पत्र्याकडे बघायचा, आणि काम पटलं की पत्र्यावर टिचकी मारायचा. टपावर टाकी, मागे नळी, नळीला झारीचं तोंड, असं मी सांगितलं. टिचकी वाजली नाही.

"पानी कुठी जाईन?"

"जाईन कुठी? जमिनीत."

"कोनाच्या?"

आमच्याकडे न्हाणीचं पाणी केळीला नाहीतर अळूला जातं, हे मलाही ठाऊक होतं. पण लॉरीला कुठली आली केळ?

काम त्यानं चोख केलं. टाकी भरल्यावर मात्र तोटी सोडेना. "गाडी जराशी मांगं घ्या," म्हणाला. मी घेतली. "आनखी." दुकानाच्या कडेला पपईचं सुकलेलं रोप होतं. झारी बरोबर त्याच्यावर आली, तेव्हा त्यानं तोटी सोडली आणि टाकीवर टिचकी मारली.

पुढं मोताळ्याकडच्या रानात मुक्काम पडला. शेठजी खाली उतरून बघत राहिले.

"गाडीची पाठ त्या कडुलिंबाकडे काऊन केली बे?"

"सावलीसाठी, शेठजी."

कडुलिंब माझ्या गुडघ्याएवढा होता.