तिकडचं आभाळ

आज सकाळपासून धुई पडली आहे. शाळेच्या अंगणात बसलो तर झेंड्याचा खांब दिसत नाही. समोरच्या रानात कुणीतरी खोकतंय, पण माणूस दिसत नाही. ऊन वर यायला वेळ आहे, पोरं यायलाही वेळ आहे. म्हणून बोलायला बसलो.

किस्से साठतात ते तुराट्यांसारखे. तूर झोडून झाली की माणूस चार काड्या घरामागं टाकतो, परत चार टाकतो. मुद्दाम कुणी रचत नाही. एक दिवस बघावं तर भिंतीएवढा ढीग. या शाळेच्या दारात बसून बसून माझ्याजवळ तसा ढीग झाला आहे. मी स्वतः शाळेत गेलेलो नाही. इथल्या कदम मॅडम म्हणाल्या, “आबा, तुम्ही नुसतं बोला, हा मोबाइल लिहून घेतो.” मी सावकाश बोलतो. त्यालाही बरं पडत असावं.

आमचं गाव मुखेडपासून आत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माझा मुलगा बालाजी आणि सून संगीता पण जातात. दरसाल नातीला, पायलला, संगं न्यायचे. तिची पहिली तशीच गेली, निम्मी गावात आणि निम्मी उसाच्या फडात. यंदा ती दुसरीला. मी म्हणालो, पोर माझ्याजवळ राहू द्या, वर्ष पुरं होऊ द्या. पण सुनेची अडचण खरी होती. धाकटा रांगायला लागलाय. आईबाप ऊस तोडायला गेल्यावर त्याला कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कोण बघणार? ते काम पायलचं ठरलेलं होतं.

शेवटी बालाजी म्हणाला, “सक्रांतीपर्यंत बघू. करमलं तर राहील. रडली तर संगीता येऊन घेऊन जाईल.”

तर सक्रांतीपर्यंत पोरीला करमवायचं, एवढंच माझं काम होतं.

*

पहिल्या दिवशी तिनं माझ्या धोतराचा सोगा धरला तो सोडेचना. मॅडम म्हणाल्या, “आबा, तुम्ही पण बसा मग.” मी उंबऱ्यात बसलो. निम्मा आत, निम्मा बाहेर. दुसऱ्या दिवशी तिथंच. हळूहळू ती माझी जागाच होऊन गेली.

मग एकदा मी मुखेडच्या बाजाराला गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बसलो, तर चौथीतला विष्णू उभा राहिला. हा विष्णू म्हणजे वर्गाचा सरपंच.

“म्याडम, आबा काल गैरहजर होते. त्यांच्या पालकाला बोलवा.”

मॅडम म्हणाल्या, “आता आबांचे पालक कुठून आणू मी?”

पायल जागेवरून उठली. “म्या हाय की.”

*

मॅडम लातूरच्या. वर्गात पसारा त्यांना चालत नाही, आणि पसारा करायला पोरांना लावतात पण त्याच. पानं आणा, शेंगा आणा, पिसं आणा. आता हे सगळं ठेवायचं कुठं? आधी चपलांच्या खोक्यांवर पोरांची नावं लिहिली. पहिलीच्या पोरांना नाव वाचता येईना. रोज मारामारी, की हे खोकं माझं.

मग मॅडमनी घरोघर निरोप दिला, आईच्या जुन्या साडीचा एक तुकडा पाठवा. ज्यांच्या आया तोडीला गेलेल्या, त्यांच्या आज्यांनी पेट्या उघडून तुकडे काढले. शाळेच्या भिंतीला लागूनच हमीदाबीचं घर आहे. ती शिलाई करते. तिनं एका जाड चादरीवर ते सगळे खिसे शिवून दिले. चादर भिंतीला टांगली. ज्याच्या आईची साडी, त्याचा खिसा.

मी हमीदाबीला विचारलं, “एवढ्या एवढ्या तुकड्यावरून ओळखतील का पोरं?”

तिच्या दातात दोरा होता. तो तोडून म्हणाली, “दादा, नाकं पुसल्यात त्याला. ओळखत्यात.”

एकाचंही चुकलं नाही.

पायलचा खिसा हिरवा, बारीक ठिपक्याचा. काही ठेवायला उठायची आणि तिथंच उभी राहायची. एकदा मॅडमनी विचारलं, “काय शोधतेस गं एवढा वेळ?”

“काही न्हाई म्याडम. हात ठिवलाय नुसता.”

त्या शनिवारी मॅडम लातूरला माहेरी जाऊन आल्या. चादरीवर आता एक जांभळा खिसा जास्त आहे. तो कुणाचा, हे पोरांनी विचारलंसुद्धा नाही.

*

थंडी पडली तसं बियांचं काम निघालं. ज्वारी, तूर, हरभरा, करडई, जवस, सगळं एका परातीत मिसळलं. मॅडम म्हणाल्या, “सारख्या सारख्या बियांचे गट करा.” त्यांना रंगाचे पाहिजे होते, नाहीतर लहानमोठ्याचे.

विष्णूनं तीन गट केले. कशात काही सारखं दिसेना. मॅडमनी विचारलं, “हा कशाचा गट?”

“हे घरी खायचं.”

“आणि हा?”

“हे आडतीला विकायचं.”

तिसऱ्या गटात सगळं फुटकं, किडकं आणि थोडं चांगलं पण होतं. मॅडम म्हणाल्या, “याचं काय करायचं?”

“त्याचं आपण काही करायचं नसतं म्याडम. ते उंदराचं.”

मॅडमनी त्याला बरोबरची खूण दिली. मी माझ्या बापाकडून शिकलो होतो ते पोरगं कुणाकडून शिकलं, काय माहीत.

*

ऋतूंचं चक्र केलं तो दिवस मला विसरता येत नाही. पुठ्ठ्याचा मोठा गोल. पोरांनी बाहेर जाऊन त्या त्या ऋतूतलं काहीतरी आणायचं आणि चिकटवायचं.

मॅडमनी आधी विचारलं, “वर्षात ऋतू किती?”

पहिलीतली एक बारकी पोर म्हणाली, “दोन. गावाचा आणि कारखान्याचा.”

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. उलट तिच्या शेजारच्या पोरानं तिला समजावलं, “येडे, तीन असत्यात. उन्हाळ्यात लग्नं असत्यात न्हाई का?”

मॅडमनी गोलाचे तीन भाग केले. हिवाळ्याच्या भागात कुणी हरभऱ्याचा घाटा लावला, कुणी बोर. आणि मधोमध उसाचं पाचट आहे. ते पायलनं लावलेलं.

*

आता हवामानाच्या फळ्याचं सांगतो. दर शाळेत असतो म्हणे तसा फळा. ऊन, ढग, पाऊस, अशी चित्रं करून ठेवायची आणि रोज सकाळी एका पोरानं बाहेर बघून त्यातलं एक टांगायचं. आमच्या मॅडमनी त्याला दोन खिळे मारले. एकाखाली लिहिलं ‘इथं’, दुसऱ्याखाली ‘तिकडं’. ज्याचे आईबाप तोडीला, त्यानं रात्री फोनवर विचारून यायचं आणि तिकडचं चित्र लावायचं.

तेव्हापासून पायलचं फोनवर रडणं कमी झालं. कामाचंच बोलायची.

“आई, आभाळ हाय का तिकडं?”

“न्हाई गं. चांदणं पडलंय.”

“दिवसाचं सांग. दिवसाचं लिवायचं असतंय.”

संगीता बिचारी दिवसभराचं आभाळ आठवून आठवून सांगायची. ऊस तोडताना वर बघायला कुठं मिळतं?

एके दिवशी पायलनं ‘तिकडं’खाली पाऊस टांगला. दुपारपर्यंत ते गावभर झालं. पारावरची म्हातारी माणसं उठून शाळेत फळा बघायला आली. अवकाळी आला, तोड बंद पडली, पोरं चिखलात अडकली असतील. एकीनं तर रडायला सुरुवात केली. मी मॅडमना बालाजीला फोन लावायला सांगितला.

तो म्हणाला, “कुठला पाऊस? ऊन इतकं लख्ख हाय, की वर बघवंना.”

घरी आल्यावर मी पायलला जवळ घेतलं. “बाई, आईनं ऊन सांगितलं होतं ना? मग पाऊस का लावलास?”

ती म्हणाली, “पाऊस आला की तोड बंद असती. मग आई दिवसभर कोपीवर बसती.”

*

या गडबडीनं बालाजीच्या कानावर शाळेचं सगळं गेलं. खिसे, बिया, पाचट, पाऊस. त्यानं मलाच फोन केला.

“आबा, शिकवत्यात का शाळेत, का नुसतं मातीत खेळवत्यात? मातीच खेळायची तर इकडं काय कमी हाय?”

“शिकवतात रे.”

“आणि तुमच्या फळ्यावर तर ती आईलाच मागायली. म्हंजे करमंना तिला. संगीताला पाठवतो सक्रांतीला.”

करमत होतं, असं छातीवर हात ठेवून मी पण सांगू शकत नव्हतो. घरातले तिचे दोन झगे मीच घडी करून पिशवीत भरले. ती गेल्यावर शाळेच्या उंबऱ्यात मी कुणाचा म्हणून बसणार होतो?

*

संगीता भोगीच्या आदल्या दिवशी आली. कडेवर धाकटा. एसटीतून उतरली आणि घरी न जाता सरळ शाळेत आली. भर दुपार होती.

त्या दिवशी मॅडमनी सावलीचं काम काढलं होतं. शाळेपुढं सिमेंटचं अंगण आहे. तिथं एकानं आखलेल्या पावलांवर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या सावलीच्या कडेनं खडू फिरवायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, शाळा सुटताना एकदा. मग वितीनं मोजायची. पायल पावलांवर उभी होती आणि विष्णू खडू फिरवत होता, तेवढ्यात फाटकातून आई आली.

मला वाटलं, आता सुटते धावत. ती जागची हलली नाही. मान पण वळवली नाही.

“आई, थांब. हललं की चुकतंय.”

संगीता तिथंच थांबली. विष्णूचं काम झालं, तसा तो तिच्याकडं वळला. “काकी, तुमची बी काढू का?”

संगीतानं पदर तोंडाला लावला. हसली. उन्हानं पार काळी झाली होती. मॅडम म्हणाल्या, “उभ्या राहा की ताई.”

पायलनं विष्णूच्या हातातून खडू घेतला. “माझी आई हाय. म्याच काढणार.” तिनं आधी आईच्या पावलांच्या खुणा आखल्या, मग सावलीला लागली.

धाकटा काही स्वस्थ बसेना. सावलीला कधी एक डोकं यायचं, कधी दोन. “आई, ह्याला नीट धर की.”

“उसाची मोळी धरता येती बाई मला, हे न्हाई.”

पोरं सगळी भोवती गोळा झाली. शाळा सुटताना परत काढली, तेव्हा सावली वऱ्हांड्याच्या पायरीला लागली होती. पायलनं वितीनं मोजून मॅडमना सांगितलं. मॅडमनी विचारलं, “आणि सकाळची?”

“ती उद्या काढणार हाय.”

घरी आल्यावर संगीताला ती भरलेली पिशवी दिसली. तिनं झगे बाहेर काढले आणि खुंटीला अडकवले.

मी म्हणालो, “अगं, आणि धाकटा?”

“बघते मामा. पाठीला बांधीन.”

“तिला विचार तरी, करमतंय का.”

“नका विचारायला लावू,” संगीता म्हणाली. “विचारलं तर मला तिला नेऊ वाटंल.”

दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी उजाडायच्या आत असते. मी जाऊन संगीताला आणि धाकट्याला बसवून दिलं. पायलला उठवलं नव्हतं. मी परत आलो तर ती उठून केस विंचरत होती. खुंटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. “सकाळची राहिली,” एवढंच म्हणाली आणि माझ्या आधी शाळेत गेली.

अंगण झाडायचं काम मी आपणहून घेतलेलं आहे. खराटा घेऊन गेलो, तर शाळेत दुसरं कुणी नव्हतं. सिमेंटवर खडूनं काढलेली संगीता, दुपारची एक आणि संध्याकाळची एक. संगीताच्या पावलांच्या खुणेत आपली पावलं ठेवून पायल उभी होती. हातात खडू. ऊन अजून आलं नव्हतं.

रोज त्या वेळी हमीदाबीच्या शेळ्या अंगणातून आडव्या जातात. त्या दिवशी आल्या नाहीत. मी खराटा हातात धरून कडेला उभा राहिलो. भिंतीवरून हमीदाबीनं डोकं काढलं. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली,

“दादा, तेवढं सोडून झाडा. शेळ्या म्या आज बांधूनच ठिवल्यात.”