आप्पांचा घडीचा फोन

उत्तरेश्वर आप्पा डाके यांनी घडीचा फोन पहिल्यांदा पाहिला तो वडवणीजवळच्या एका मंगल कार्यालयात, आणि त्या क्षणाचे हादरे पार धरणापर्यंत जाणवले, असं शपथेवर सांगणारी माणसं आजही तेलगावच्या चौकात भेटतात. झालं असं, की नवरदेवाचा थोरला भाऊ अभिमन्यू यानं पंगतीत उभ्याउभ्या खिशातून फोन काढला आणि वही उघडावी तसा मधोमध उघडला. आप्पांना वाटलं, तुटला. त्यांनी "मोडलं बेऽऽ, मोडलं!" अशी जी आरोळी ठोकली, तिनं क्लॅरिनेटवाल्याचा सूर नळीतच अडकला, वाढप्याच्या हातातली वरणाची बादली तीन सोयऱ्यांच्या मांडीवर रिकामी झाली आणि तासापूर्वी लागलेलं लग्नच मोडलं असं समजून वरमाय खुर्चीतून घरंगळली. चौकातल्या म्हशींनी रवंथ थांबवला. धरणाचं पाणी वीतभर हललं.

फोन मात्र धड होता. अभिमन्यूनं तो मिटवला, उघडला, पुन्हा मिटवला.

"आप्पा, असाच असतो ह्यो."

"असाच कावून असतो?"

"पडदा मोठा दिसावा म्हणून."

"मग मोठाच घ्यायचा की सरळ. मोडायचा कशाला?"

अभिमन्यूला हसू येत होतं. पण लग्न आप्पांनी जमवलेलं होतं, आणि अभिमन्यूला त्याच आठवड्यात याहून नवा फोन मिळालेला होता. म्हणून शाल, टोपी आणि टॉवेल या नेहमीच्या आहेरावर त्यानं तो जुना घडीचा फोन ठेवला आणि आप्पांच्या हातात दिला. आप्पा घरी निघाले ते मोटारसायकलवर एका हाताने खिसा धरून.

आप्पा सोयरिकी जमवतात. हा धंदा म्हणावा तर त्याची पाटी नाही, समाजसेवा म्हणावी तर आप्पांचा आहेर कधी चुकलेला नाही. वय बावन्न, पायाला भिंगरी. कुणाच्याही घरी एक कप चहापलीकडे ते बसू शकत नाहीत. दुसरा कप आला की उठून उंबऱ्यात उभे राहतात आणि तो उभ्यानेच पितात. झोपेतसुद्धा त्यांचे पाय हलतात. बायको वनमाला म्हणते, स्वप्नातही कुणाच्या तरी दारात जाऊन येत असतील. तेलगाव, वडवणी, अंबाजोगाई या टापूत त्यांनी आजवर त्र्याऐंशी लग्नं जमवली. त्यातली ऐंशी अजून टिकून आहेत, आणि उरलेल्या तीन घरांच्या रस्त्याने आप्पा जात नाहीत.

पण घरात परमेश्वर होता. थोरल्या भावाचा मुलगा, वय तेहेतीस. भाऊ गेल्यापासून आप्पांनीच वाढवलेला. चार एकर ठिबकवरचा ऊस, सहा म्हशी, तंबाखूसुद्धा नाही. आणि मुलगी मिळत नव्हती. मुलींना पुण्याचा नोकरदार हवा होता. पुण्याचा नसला तर निदान पुण्याला जाणारा हवा होता. आप्पा ज्या ज्या घरी मुलगी विचारायला जात, तिथं चहाच्या आधी प्रश्न येई, "आप्पा, घरचं पोरगं कावून राह्यलंय?" या प्रश्नाने आप्पांच्या पायाची भिंगरी आणखी जोरात फिरे. त्र्याऐंशी जमले आणि घरचा एक जमेना, म्हणजे गावभर घागरी भरून देणाऱ्याच्या माठात थेंब नाही, असं त्यांना वाटे.

फोन घरी आला तेव्हा वनमालाने आधी त्याची पूजा केली. या घरात जे नवीन येतं त्याची पूजा होते. ट्रॅक्टरची झाली होती, पाण्याच्या मोटारीची झाली होती, फ्रिजची तर नारळ फोडून झाली होती. फोन पाटावर उघडा ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"काचेला नको लावू, पुसता येणार न्हाई," आप्पा म्हणाले.

"काचेला कोण लावतंय? जिथं वाकतंय तिथं लावते. जी जागा कमजोर, तिलाच लावावं लागतं."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तिने करंगळीने घडीच्या फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकू भरलं, जसं एखाद्या सवाष्णीच्या भांगात भरावं, आणि वर चिमूटभर अक्षता सोडल्या. आप्पांनी हात जोडले आणि फोन मिटवला. आतून बारीक "कर्र" असा आवाज आला. नव्या चपलेचाही येतोच की, असं म्हणून आप्पांनी तो सोडून दिला.

फोनचा उपयोग नव्हता असं नाही. उघडला की डाव्या बाजूला मुलगा आणि उजव्या बाजूला मुलगी, दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावता येत. अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्याने तर चष्मा न लावता जोडा पाहिला आणि जागच्या जागी पसंती दिली. आप्पांना तेव्हा वाटलं, हे यंत्र देवाने सोयरिकी जमवणाऱ्यांसाठीच बनवलेलं आहे.

बाकी घरांत मात्र वेगळंच होई. आप्पा फोन उघडत, मंडळी पुढे सरकत, आणि फोटोकडे कुणी बघतच नसे.

"पुन्हा मिटवा बरं आप्पा."

"पोरगा बघा की आधी. इंजिनिअर हाय."

"पोरगं असंल बे. ते मिटतंय कसं ते दावा."

मग लहानापासून थोरापर्यंत प्रत्येकजण एकदा उघडे, एकदा मिटवे. एका घरात तर मुलीच्या आजोबांनी पानाचा डबा समजून त्यात सुपारी ठेवून पाहिली.

शिवाय तो खिशात जड. सदऱ्याचा खिसा लोंबायला लागला, तेव्हा वनमालाने त्याला आतून दुसरं कापड लावलं. चार्जिंग दुपारीच संपे. धुळीत काढायचा नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत रानात न्यायचा नाही, ओल्या हाताने धरायचा नाही, आणि बीड जिल्ह्यात धूळ, कापूस आणि घाम सोडून फोन काढायला दुसरी जागा कुठली? आप्पांना मुळातच स्वस्थता नव्हती, ती आता पार गेली. दर पाच मिनिटांनी ते रस्त्याच्या कडेला गाडी थांबवत, पाठ वाऱ्याकडे करत, फोन उघडत, घडीवर रेघ पडली का ते उन्हात तिरका धरून बघत आणि मिटवत. कर्र.

"तुमच्यापरीस म्हैस बरी," वनमाला म्हणाली. "खाल्लेलं तरी बसून चावते."

अशा दिवसांत दीपमालेचं स्थळ आलं. अंबाजोगाईला एका दवाखान्यात नर्स. वडील शिवशंकरराव शेतकरीच, जवळच्याच गावचे. आणि मुलीची अट ऐकून आप्पा तीन ताड उडाले. तिला शेतकरी चालणार होता! मात्र रजा मिळत नसल्यामुळे पहिलं बघणं व्हिडिओ कॉलवर करायचं, आणि मुलगा नंतर दाखवायचा, आधी घर दाखवायचं. न्हाणीघर, पाण्याची टाकी, पावसाळ्यात घरापर्यंत येणारा रस्ता.

"शहाणी पोरगी हाय," परमेश्वर पहिल्यांदाच काहीतरी बोलला. "आप्पा, माझ्या फोनवरून करतो मी."

"तुझ्या? त्याची काच बघ, कोळ्यानं जाळं केल्यावानी. नर्सबाईला वाटंल घरालाच तडे गेलेत. माझ्यावरून करायचं."

रविवारी तीन वाजता कॉल लागला. आप्पांनी फोन उघडून परमेश्वरच्या हातात दिला. मोठ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यातली दीपमाला दिसली तेव्हा मागे जमलेल्या भावकीने "वाऽ" केलं. परमेश्वर हातात फोन धरून, पूजेचं ताट नेल्यासारखा, सगळीकडे फिरला. न्हाणीघरातली फरशी दाखवली. टाकीचं झाकण उघडून दाखवलं. रस्ता दाखवताना खरं सांगितलं, "आखाडात इथं गुडघाभर चिखल व्हतो. गाडी चौकात लावावी लागती." आप्पांनी कपाळावर हात मारला. पण दीपमाला हसली. मग तिने म्हशींची नावं विचारली, आणि परमेश्वरने सहाही सांगितली, आणि तो सांगताना लाजला. मध्यस्थीच्या तीस वर्षांत आप्पांनी पुष्कळ चेहरे वाचले होते. जमतंय, त्यांच्या पायांना कळलं. ते एका जागी उभे राहीनात.

शेवटी दीपमाला म्हणाली, "एकच विचारायचंय. मी नोकरी सोडणार नाही. रात्रपाळी पण असते. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

परमेश्वर विचार करून बोलणारा माणूस. तो विचार करू लागला. आप्पांना ती शांतता सोसेना. त्यांनी फोन त्याच्या हातातून घेतला, अर्धा वाकवला आणि टाकीच्या कठड्यावर उघड्या वहीसारखा उभा केला, म्हणजे परमेश्वरचे दोन्ही हात मोकळे राहतील आणि उत्तर लवकर येईल. आतून कर्र आला, मग कट्ट आला आणि पडदा काळा पडला.

"गेला!" आप्पा ओरडले. त्यांनी फोन उचलला, तोंडासमोर धरला, हलवला, फुंकला. काळाच. "तुटला कॉल. आता लागला की हो म्हण बे चटकन. विचार काय करतो?"

"पण आप्पा, रात्रपाळी म्हंजी तिला न्यायला-आणायला..."

"अरे, हो म्हणायला काय जातंय? अक्षता पडू दे आधी. दोन वर्सांत पोरंबाळं झाली की सुटती नोकरी आपोआप. न्हाई सुटली तर सोडवू. मी काय त्र्याऐंशी सोयरिकी खरं बोलून जमवल्या व्हय?"

भावकी हसली. परमेश्वर काही बोलला नाही. त्याने फोन घेतला आणि बघावं म्हणून पूर्ण मिटवला. तेव्हा बाहेरच्या अरुंद पडद्यावर दीपमाला दिसली. कॉल तुटलेला नव्हता. आतला पडदा तेवढा गेला होता. ती सगळा वेळ आप्पांकडे बघत होती आणि ऐकत होती.

"येते मी," ती म्हणाली. "ड्युटीची वेळ झाली." तिने सगळ्यांना नमस्कार केला. संस्कार चांगले होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा बीडला दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडला आणि भिंगातून पाहिलं.

"आप्पा, आत कुंकू हाय."

"असंल."

"हळद पण हाय. आणि ह्यो तांदूळ." त्याने चिमट्याने अक्षतेचा तुकडा काढून आप्पांच्या तळहातावर ठेवला. "ह्यानं पडदा आतून दाबला. आजवर लई फोन उघडले, पर लगीन लागलेला ह्यो पयलाच. नवा पडदा मुंबईहून येईल. आला तर येईल."

आप्पांनी तो तांदूळ वनमालाला दाखवला. ती म्हणाली, "पूजेनं कधी कुणाचं बिघडतं का? बिघडलं ते तुमच्या तोंडानं."

हे त्यांनाही माहीत होतं. मंगळवारी ते अंबाजोगाईला गेले. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसायची सोय होती, पण ते बसले नाहीत. दोन तास औषधाच्या दुकानापासून गेटपर्यंत फेऱ्या मारत राहिले. वॉचमनला वाटलं, आत कुणीतरी सिरियस असावं. त्याने पाणी दिलं. आप्पा तेही चालता चालताच प्याले.

दीपमाला पाच मिनिटांसाठी बाहेर आली.

"पोरी, मी बोललो ती माझी जीभ. पोरगं तसं न्हाई."

"मला माहितीये आप्पा."

"मग? रस्त्याचा चिखल त्यानं खरा सांगितला का न्हाई?"

"सांगितला. खरं सांगू? मला आवडलेच होते ते." तिने घड्याळाकडे पाहिलं. "तुमचं मला वाईट नाही वाटलं. असं बोलणारा एक काका आमच्याही घरात आहे. पण तुम्ही बोललात आणि ते गप्प बसले. आप्पा चुकताय, एवढंच म्हणाले असते ना, तर मी तिथंच हो म्हणणार होते."

आप्पांना तोंड उघडावंसं वाटलं. त्र्याऐंशी लग्नांत त्यांनी प्रत्येक अडचणीवर तोडगा काढला होता, आणि आत्ताही दोनतीन जिभेवर आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते गिळले. मग नमस्कार केला आणि निघाले. तेलगावपर्यंत त्यांनी एकदाही गाडी थांबवली नाही, की खिशाला हात लावला नाही. तिचं बोलणं त्यांनी परमेश्वरला जसंच्या तसं सांगितलं. परमेश्वर म्हशीखालून उठला नाही. धार काढत काढत म्हणाला, "बरोबर हाय तिचं."

"मग जा की! जाऊन सांग तिला!"

"जातो," परमेश्वर म्हणाला. "ऊस गेला की जातो."

ऊस फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्याला गेला. दीपमालेचं लग्न जानेवारीतच लातूरच्या एका लॅबवाल्याशी झालं होतं.