दिग्रसची नऊ जहाजं

पहिले मुद्द्याचं सांगून टाकते, नाहीतर मी वाहवत जाते. मॅट्रिक झाल्यावर मले पुसदले टायपिंग शिकायले जायचं होतं. आमच्या दिग्रसले तेव्हा क्लास नव्हता. सकाळच्या मोटरनं जायचं, दुपारच्या मोटरनं परत. बाबा पोस्टात बाबू होते, अन् घरातला कोणताही अर्ज ते शिक्का मारून दुसऱ्या टेबलावर पाठवून द्यायचे. माह्या अर्जाचंही तेच केलं. "तुह्या आईनं हो म्हटलं तर माही ना नाही," म्हणे, अन् पेपरात डोकं घातलं.

आई हो म्हणत नव्हती. नाहीबी म्हणत नव्हती. आई म्हणायची, "पाहू."

आमच्या घरी 'पाहू' म्हणजे पत्त्यात पाहू. अन् ते पत्ते माहेच होते. मीच चिकटवलेले, अर्थही मीच लावलेले. म्हणजे निकाल माह्या खिशात आहे असं मी धरून चालली होती. तिथंच सारा घोळ झाला.

पत्त्यांचं सांगते. आमच्या शेजारी कापडाचं दुकान असलेल्या चाचाचं घर. आमच्या अन् त्यायच्या आंगणात फक्त तुराट्याचं कूड, त्यातून वाटी जायची, विस्तव जायचा, भांडण जायचं. तेव्हा गिरणीतून येणाऱ्या प्रत्येक थानावर, म्हणजे ताग्यावर, एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं, तळहाताएवढं, कडेनं सोनेरी. त्याले छाप म्हणत. गिऱ्हाईक कापड मागेच चित्राच्या नावानं, "वाघ छाप द्या पाच वार." थान फोडलं की चित्र निघे, अन् ज्याच्या घरी लेकरू असेल तो ते मागून नेई. लहानपणापासून मी दुकानाच्या पायरीवर बसून चित्रं गोळा केली. खोक्याचा पुठ्ठा कापून खळीनं चिकटवली. सत्तावीस झाली तेव्हा थांबली, कारण नक्षत्रं सत्तावीस असतात हे मले माहीत होतं अन् आपलं काम काही नक्षत्रापेक्षा कमी नाही असं वाटत होतं.

रोज सकाळी चहाच्या आधी मी ते पाटावर पालथे पसरायची अन् डाव्या हातानं एक उचलायची. तो त्या दिवसाचा पत्ता. मागं पेन्सिलीनं अर्थ लिहिलेला. वाघ, कोणीतरी ओरडणार. हत्ती, पाहुणे येणार, अन् जेवूनच जाणार. दोन बैल, विहिरीवर जास्तीच्या खेपा. घड्याळ, काहीतरी उशिरा येणार. गुलाबवाली राणी, कोणी चांगलं बोलणार. मोर, कोणीतरी मिरवणार. हा मोर कधी चुकला नाही, कारण आमच्या गल्लीत रोज कोणी ना कोणी मिरवायचंच.

मी यावर लय विचार केलेला आहे, हसू नका. वाघ निघाला की मी दिवसभर जपून राहायची, अन् जपून राहिलं की हातून काहीतरी पडतेच. पडलं की आई ओरडे. झाला वाघ खरा. राणी निघाली की मी ताठ चालायची, मग चाची कुडाच्या पलीकडून म्हणे, "आज बडी अच्छी दिस राह्यली गं." म्हणजे पत्ता सकाळी निघे, पण अर्थ संध्याकाळी तयार होई, अन् मधातल्या वेळात तो अर्थ मीच रांधत असे. हे मले तेव्हाच थोडं थोडं कळलं होतं. पण आईले नाही सांगतलं.

कारण आईचा पत्त्यावर भरोसा बसला होता. एकदा तिनं हत्ती काढला अन् दुपारी माह्या आत्याचे पाच जण आले. त्या दिवसापासून भात टाकायच्या आधी आई पत्ता काढे. मग गल्लीतल्या बायाही यायले लागल्या. एकीनं विचारलं, उद्या पापड घालू का. सूर्य निघाला, मी म्हटलं घाला. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. ती बाई पंधरा दिवस विहिरीवर सगळ्यायले सांगत होती, "पोरीच्या सूर्यानं माहे शेरभर उडदाचे पापड भिजवले." पण यायची मात्र बंद झाली नाही.

तर आता टायपिंग. माह्या सत्तावीसमध्ये प्रवासाचं चित्रच नव्हतं. गेली मी दुकानात.

"चाचा, मोटर, रेल्वे, असं काही आहे का छापात?"

"रेल नाही बेटा," चाचा म्हणाले. "जहाज है."

अन् त्यायनं गल्ल्याखालच्या खणातून चळतच काढली. निळं पाणी, पांढरं जहाज, वर धूर. एकदम कोरी चित्रं, कोणी हात न लावलेली.

"इतके कसे काय राहिले?"

"ये कोई घर लेके नहीं जाता ना," चाचा म्हणाले, "बेटा, ये जो थान है..." अन् तेवढ्यात एक माणूस धोतरजोडीची घासाघीस करत आला, चाचा गज घेऊन तिकडं वळले. मी म्हटलं, असू दे. दिग्रसच्या लोकायनं समुद्र कुठं पाह्यला, त्यायले जहाजाचं काय कौतुक. नऊ चित्रं मोजून घेतली अन् पळाली.

रात्रीतून नाही, भर दुपारी, आई झोपली असताना, वाघासारखे नऊ त्रासदायक पत्ते काढले अन् नऊ जहाजं पुठ्ठ्यावर चिकटवून, मागं 'प्रवास' लिहून घातली. सगळी मधात. आई नेहमी मधातूनच काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पदराले हात पुसले अन् म्हणाली, "आण. पाहू तुह्या पुसदचं." माहा जीव असा उडून राह्यला होता की पाट मी उलटा ठेवला. आईनं मधातला पत्ता उचलला. जहाज.

"प्रवास," मी म्हटलं. "लांबचा. बहुतेक मोटरनं. बहुतेक दक्षिणेकडं."

आईनं पत्ता असा लांब धरला, जसं उंदीर धरतात.

"हे कुठून आणलं?"

"चाचाच्या दुकानातून."

"पुन्हा मांड," आई म्हणाली. मी मांडले. तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, पत्ता काढला. जहाज.

आईनं दोन्ही पत्ते पाटावर ठेवले अन् सरळ न्हाणीत गेली. सकाळीच आंघोळ झालेली बाई डोक्यावरून पुन्हा पाणी घेऊन राह्यली. ओल्या केसानंच बाहेर आली अन् म्हणाली, "या घरात पुसदचं नाव काढायचं नाही. मोटरच्या अड्ड्यावर जायचं नाही. समजलं?"

मले काहीच समजलं नाही. मी कुडापाशी गेली. चाची पलीकडं तांदूळ निवडत होती. तिले पत्ता दाखवला. तिनं सूप खाली ठेवलं.

"अगं पागल," चाची म्हणाली, "हे तं जहाज छाप मांजरपाट. कफनाचं कापड. गावात कोणी गेलं की माणसं पहिले आमच्या दुकानात येतात, जहाज छाप नेतात. तुमचे बी, आमचे बी."

"मले काय माहीत?"

"तुले कसं माहीत राहीन. ते कापड आणायले पोरी जातात का?"

मी तिथंच उकिडवी बसली. आता समजलं की हे चित्र कोणी लेकराले काहून नेत नव्हतं. आईच्या हातात मी स्वतः लांबचा प्रवास दिला होता, तोही दोनदा, वरून दिशा सांगून.

आता खरं सांगणं आलं. आईले खरं सांगतलं तर पत्त्यावरचा तिचा भरोसा जाईन, नाही सांगतलं तर टायपिंग जाईन. अन् आईचा चेहरा असा झाला होता की दोन्ही गेले तरी चालतील असं मले वाटलं. मी आत गेली, सगळे पत्ते उताणे केले अन् बाकीची सात जहाजं तिच्यापुढं ओळीनं मांडली.

"मीच घातले. नऊ. तुह्याकडून हो म्हणवायले."

आईनं बोटानं मोजले. मले वाटलं आता कानाखाली बसते. पण आई म्हणाली, "तू नऊ घातले, ते खरं. पण बाकीचे अठराही होते ना. हात तं माहाच गेला तिकडं. दोनदा."

चूक कबूल केल्यावर माफी मिळते हे मले माहीत होतं, पण कबूल करूनही शकुन तिथंच बसून राहते हे नवीन होतं.

तेवढ्यात चाची कुडाले वळसा घालून आलीच. हातात तिच्या धाकट्याचं झबलं.

"भाभी, हे पाहा. कोणत्या थानाचं आहे?"

आईनं कापड चिमटीत धरलं. "मांजरपाट."

"जहाज छाप. माह्या साही लेकराईचं पहिलं झबलं याच थानाचं. दोन धुण्यात मऊ होते. अन् तुह्या या पोरीचा पहिला लंगोट मीच शिवून देल्ता, याद आहे? तोबी जहाज. मरायले सतरा वर्षं लावून राह्यली का ती?"

आईले हसू आलं, पण तिनं ते दाबलं. झबल्याची घडी केली. मग म्हणाली, "जहाज पोरीच्या हाती नाही आलं. माह्या हाती आलं. म्हणजे जाणं माहं आहे."

"कुठं?" मी विचारलं.

"पुसदले. पहिले मी जाऊन येतो. परत आली तं तू जाशील."

तुम्हाले सांगते, माही आई तोवर माहेरापलीकडं कुठं गेलती नाही, अन् माहेर बैलबंडीनं तीन तासाचं. मोटरमध्ये ती एकदाही बसली नव्हती. चाची म्हणाली, मी येतो सोबत. आई म्हणाली, "तू नको. तुले सहा लेकरं आहेत." चाची म्हणाली, "अन् तुले एकच आहे म्हणून तू सस्ती का?" पण आईनं ऐकलं नाही. बाबायले सांगतलं तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, मी रजा टाकतो." आई म्हणाली, "तुमचा पत्ता निघाला का?"

सकाळी ती गेली. नवं लुगडं नाही नेसली, म्हणे वाया जाईन. मोटर वळेपर्यंत मी अड्ड्यावर उभी राहिली. मी घरी येऊन पत्ते पसरले, जहाजं सोडून. पहिले दोन बैल निघाले, मी विहिरीच्या चार खेपा केल्या, कोणी न सांगता. मग मोर निघाला. मोराचं काय करायचं ते समजेना. मग हत्ती. मी पाच माणसांचा भात टाकला. मग घड्याळ निघालं अन् मी पत्ते उचलून डब्यात कोंबले.

दुपारच्या मोटरनं आई आली नाही.

चाची कुडापाशी उभी होती. "बाजार पाहत बसली असेल," ती म्हणाली, अन् मग दर पाच मिनिटानं तेच म्हणत राहिली. बाबा ऑफिसातून दोनदा घरी येऊन गेले, एकदा चष्मा विसरला म्हणून, एकदा चष्मा ठेवायले. संध्याकाळच्या मोटरले आम्ही तिघंही अड्ड्यावर. मी मनात म्हणत होती, मले टायपिंग नको, काहीच नको, फक्त ती उतरू दे. मोटर आली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, एक गुळाची ढेप उतरली. सगळ्यात शेवटी आई. पदर खोचलेला, तोंड पिवळं, केस विस्कटलेले, अन् मोर छाप पाहावा तर आईकडं.

"मेली-बिली नाही मी," ती आम्हाले म्हणाली, जसं आम्ही काही विचारलंच होतं. "वळणावर ओकली. तीनदा. जे जायचं होतं ते त्याच्यात गेलं. तुह्या जहाजाचा शकुन फिटला."

"अन् दुपारची मोटर?"

"क्लास पाहत बसली ना. निघाली तोवर ती गेली." मग माह्याकडं वळली. "मास्तर म्हातारा आहे, कानानं कमी ऐकते. चांगलं आहे. चार पोरी आहेत. खिडकी रस्त्याकडं उघडते. मशीन मोठी खडखड करते, पण पोरी तिच्याकडं पाहतच नाहीत, समोर पाहून बोटं चालवतात. मी एकीले विचारलं, न पाहता कसं येते? ती म्हणे, काकू, सवय. तुह्यं नाव सांगून आली. सोमवारी ये म्हणाले."

चाची म्हणाली, "अन् माह्यासाठी बांगड्या?"

"ओकू का बांगड्या घेऊ?" आई म्हणाली.

घरी सगळे त्या पाच माणसांच्या भातावर बसलो. चाचाही आले, त्यायची लेकरं आधीच जेवली होती. बरोबर पाचच झालो. आईनं भाताकडं पाह्यलं, मग माह्याकडं, अन् चाचा-चाचीले पहिले वाढलं. हत्तीचा मान तिनं ठेवला.

सोमवारी मी निघाली तेव्हा आईनं माह्या पिशवीत डबा ठेवला अन् वरून एक जहाज. बाकीची आठ तिनं चाचाले परत दिली होती. मी मोटरमध्ये बसल्यावर तो पत्ता उलटा करून पाह्यला. मागं मी लिहिलेलं 'प्रवास' होतं. आईनं ते खोडलं नव्हतं. फक्त खाली, तिच्या दुसरीपर्यंतच्या शाळेतल्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'निंबू सोबत ठेवणे'.

डबा उघडला. भाकरीवर निंबू होता. पहिल्याच वळणावर कामी आला.