दातांनी सोडवलेली गाठ

त्या दिवशी मी दत्तमहाराजांशी भांडले, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलेली माणसं बहुधा आपण किती श्रद्धेने वागलो ते सांगतात. माझं तसं काही नाही. लहानपणापासून मी गुरुवार करते, दुबईत करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी ओळखीच्या घरची माणसं आरतीला जमतात, पण माझा स्वभाव तापट आहे आणि देवासमोर बसल्यावरही तो निवत नाही. त्या दिवशी तर कॉलेजच्या हॉलमध्ये बसून मी मनातल्या मनात महाराजांना नको नको ते बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि वर जे केलं ते मला अजून पुरतं पचलेलं नाही.

माझ्या मुलीला नर्स व्हायचं होतं. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. काही वर्षांपूर्वी ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती शाळा सुटली की सरळ हॉस्पिटलमध्ये यायची. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे इजिप्शियन बाबा होते. सिस्टर त्यांना कुशीवर कशी वळवते, पाठ कशी पुसते, हे ही टक लावून बघत बसायची. एकदा मी खालून चहा घेऊन वर आले, तर ही बाबांच्या खांद्याखाली हात घालून सिस्टरला मदत करत होती. घरी येताना बसमध्ये म्हणाली, "आई, आय वाँट टु डू धिस. डॉक्टर नाही. धिस." मला भरून आलं.

आरतीनंतर मी हे कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, ती माझी चूक झाली. आमच्यात दुबई मरीनाला राहणाऱ्या एक वहिनी आहेत. हातात प्रसादाचा शिरा, आणि म्हणतात कशा, "अगं, एवढे मार्क्स आहेत पोरीला. नर्सिंग इथे केरळच्या नाहीतर फिलिपिनो मुली करतात. आपल्यात कोण करतं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "वहिनी, उद्या आयसीयूत झोपायची वेळ आली तर सिस्टरला सांगा, आपल्यातली कोणी असेल तरच पाठवा म्हणून." ह्यांनी मला स्वयंपाकघरातून घाईघाईने हाक मारली, म्हणून ते तेवढ्यावर राहिलं.

त्याच सुमाराला ह्यांच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या कंपनीने बरीच माणसं कमी केली. ह्यांची नोकरी टिकली, पण पगार उतरला आणि मोठ्या युनिव्हर्सिटीचा विषय आमच्या घरात बंद झाला. एकच वाट उरली. शहराबाहेर एक छोटं कॉलेज आहे, तिथे निवड झालेल्या मुलींचा खर्च एक हॉस्पिटल उचलतं. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. पहिल्या वर्षी हिचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. "वी विल कॉल, इन्शाल्ला," असं काउंटरवरचा माणूस म्हणाला, आणि तो फोन कधी आला नाही. वर्षभर पोरीने करामातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काढलं. अर्ज दोनदाच करता येतो, असा त्या कॉलेजचा नियम आहे. म्हणजे आता शेवटची संधी, आणि ती हुकली तर नर्सिंगचं नाव काढायचं नाही, हे आम्हा तिघांना न बोलता कळत होतं.

मी माझ्या भावाला फोन केला. तो कराडजवळ आमच्या गावी असतो. त्याने गावातल्या दत्ताच्या देवळातून पुजारीबुवांकडून काळा गंडा मंत्रून घेतला आणि दुबईला येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवला. सोबत निरोप होता, की मनातलं काम झालं की वाहत्या पाण्यात सोडायचा, तोवर काढायचा नाही, आणि कापायचा तर मुळीच नाही. ह्यांनी चेष्टा केली, "वाहत्या पाण्यासाठी कराडचं तिकीट काढावं लागेल." मुलगी म्हणाली, "आई, सीरियसली?" पण आरतीच्या वेळी तिने मुकाट्याने हात पुढे केला. मी तिच्या उजव्या मनगटाला गंडा बांधला, पक्की गाठ मारली आणि तिच्याकडून शब्द घेतला. तो शब्द तिने किती मनावर घेतला आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

निवडीचा दिवस गुरुवारचा निघाला. मला वाटलं, महाराजांनीच दिवस नेमून दिला. दागिने घालून येऊ नये, नखं रंगवू नयेत, असं कॉलेजने कळवलं होतं. आम्ही कानातले काढले, घड्याळ काढलं, नखं बारीक केली. गंड्याचा विचार तिच्याही मनात आला नाही आणि माझ्याही नाही. देवाचा दोरा हा दागिना असतो, असं आपल्यात कोण समजतं?

हॉलमध्ये आयांची गर्दी होती. माझ्या शेजारी शारजाहून आलेली एक पठाण बाई बसली होती, डोक्यावरून मोठी चादर घेतलेली. तिची मुलगी पहिल्यांदाच अर्ज करत होती. बाईने पिशवीतून सोललेले अक्रोड काढून माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "मेरा उपवास है." अक्रोड उपासाला चालतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या हॉलमधली प्रत्येक आई मला डोळ्यांत खुपत होती. हिच्या मुलीला जागा मिळाली की माझ्या मुलीची एक गेली, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

मुलींना गटागटाने आत नेत होते. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि माझी एकटीच बाहेर आली. कोपरापर्यंत हात ओले, ओठ घट्ट मिटलेले. आत सगळ्यात आधी हात धुण्याची परीक्षा होती, आणि मनगटावर दोरा ठेवून हात धुतलेले चालणार नाहीत म्हणून मॅडमनी तिला थांबवलं होतं. तिने माझ्यापुढे हात धरला आणि मराठीत विचारलं, "आई, काढू का?"

आत उभ्या उभ्या तिने तो ओढून काढला असता तर कोणाला कळलं असतं? पण शेवटची संधी पणाला लागलेली असताना ही पोर माझी परवानगी विचारायला बाहेर आली होती. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला आला तो राग. मी तडक दाराशी गेले. पांढऱ्या कोटातल्या एक मॅडम तिथे उभ्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, ये हमारा रिलिजन है. भगवान का धागा है. किसी को भगवान निकालने को बोलते हैं क्या?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅम, शादी की अंगूठी भी नहीं चलती. रूल सबके लिए है. नेक्स्ट ग्रुप के साथ भेज दीजिए, विदाउट थ्रेड. नहीं तो खलास."

त्या 'खलास'ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी परत येऊन खुर्चीत बसले आणि मनातच महाराजांवर घसरले. गंडा तुमचा, वार तुमचा, आणि तुमच्याच दोऱ्यापायी माझ्या लेकराला दाराबाहेर काढतात? ठेवला तर जागा जाते, काढला तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो. इतकी वर्षं तुमच्यापुढे दिवा लावला तो यासाठी? दारातल्या वादामुळे आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेजारची पठाण बाई उठून माझ्यासमोर आली. तिने आपली बाही वर सारली. दंडावर दोन तावीज बांधलेले होते, एकाशेजारी एक. "ये मेरा है," ती म्हणाली, "और ये मेरी बेटी का. सुबह घर पर उसके बाज़ू से उतार के अपने बाज़ू पे बाँध लिया. बहन, माँ के हाथ पे बँधा हो तो ऊपर वाले को पता नहीं चलेगा, किसके लिए है?"

मला तिचाही रागच आला. माझ्या दत्ताबद्दल मला शिकवणारी ही कोण? पण मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि आतून पुढच्या गटाची नावं घेतली जात होती. मी तिचा हात ओढून घेतला आणि गाठ सोडवायला लागले. पाण्याने दोरा आवळला होता. गाठ मीच मारलेली, आणि मलाच ती सुटेना. कोणीतरी म्हणालं, काउंटरवर कात्री आहे. मी ओरडले, "कैंची नहीं!" आणि मला रडू फुटलं.

तेव्हा त्या बाईने मला काही न विचारता माझ्या मुलीचं मनगट आपल्या तोंडाशी नेलं आणि दातांनी गाठ धरली.

सोवळ्यात मंत्रून आणलेला गंडा, आणि तो एका परक्या बाईच्या तोंडात. आमच्या घरात नैवेद्याच्या ताटाला चुकून उष्टा हात लागला तर मी ताट बदलते. मी काही करू शकले असते तर मनगट मागे ओढलं असतं, पण माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. बाईने डोकं थोडं तिरकं केलं, दोनदा हलकेच ओढलं आणि गाठ सुटली. दोरा कुठेही तुटला नाही. तिने तो माझ्या मनगटाला बांधला, मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "यल्ला, बेटा, भाग." माझी पोर धावत आत गेली.

नंतर आम्ही दोघी शेजारी बसलो. ओला गंडा मनगटाला गार लागत होता. तिने पुन्हा अक्रोड पुढे केले आणि या वेळी मी घेतले. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं हिंदीत फार थोडकं वाटत होतं. तेवढ्यात तिची मुलगी बाहेर आली, चेहरा उतरलेला. बाईने चादर सावरली, मला "ख़ुदा हाफ़िज़" म्हणाली आणि दोघी बसच्या दिशेने निघून गेल्या. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. उशिराने भान आलं तेव्हा मी बाहेर पळत गेले, पण रस्त्यावर नुसतं ऊन होतं.

माझ्या मुलीची निवड झाली. गुरुवारी पेढे वाटले, मरीनाच्या वहिनींनी दोन खाल्ले, आणि हल्ली त्या आपल्या बीपीचे आकडे माझ्या मुलीलाच पाठवतात. भावाचा फोन आला, "गंडा सोडलास का पाण्यात?" ह्यांनीही सुचवलं, की खाडीवर अब्रा नावेतून जाऊ, भरतीचं पाणी वाहतंच असतं. मी संध्याकाळी निघायची तयारी केली.

त्या दिवशी मुलगी कॉलेजमधून आली तेव्हा मी सहज विचारलं, की ती शारजाची मुलगी तुझ्याच वर्गात आहे ना? ती बूट काढता काढता म्हणाली, "नो, आई. शी डिडन्ट मेक इट."

मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले आणि पुन्हा भांडले. हा कुठला न्याय? जिने माझ्या लेकीसाठी गाठ सोडवली तिच्याच लेकीला परत पाठवलंत? तिला ठाऊक होतं, की माझी मुलगी आत गेली तर तिच्या मुलीची आशा तेवढी कमी होणार. मी त्या हिशेबापायी तिचे अक्रोडही घेतले नव्हते. तिने तो हिशेब केलाच नाही. खूप वेळ बडबडून मी दमले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी महाराजांशी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी भांडत होते.

त्या दिवशी हॉलमध्ये कोण आलं होतं, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढंच कळतं, की माझ्याने न सुटलेली गाठ मला दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, आणि हात कोणाचा असावा हे ठरवायला मला कोणी विचारलं नाही. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं असं मी समजत होते. ते मला जमणार नाही, आणि महाराजांनाही आता ते माहीत झालं असावं. माझा राग त्यांनी काढून घेतला नाही, फक्त त्याला दुसरं काम दिलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खाडीवर आम्ही गेलो नाही. काम झालं की पाण्यात सोड, असं भावाने सांगितलं होतं, आणि काम अजून झालेलं नाही. त्या मुलीचा एक अर्ज बाकी आहे. येत्या निवडीच्या दिवशी मी सोललेले अक्रोड घेऊन त्या हॉलमध्ये जाऊन बसणार आहे. तोवर गंडा माझ्या मनगटावर आहे. नाव मला ठाऊक नाही, पण तो कोणासाठी आहे हे ज्याला कळायचं त्याला कळतं.