बाबांच्या डोळ्याला लावलेला कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा हे बाबांनी एका वाक्यात ठरवलं होतं. त्यानंतरचा अडीच महिन्यांचा घोळ सगळा माझा.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्वेअर होते. सातारा-सांगलीकडच्या कालव्यांच्या कामांवर उभा जन्म गेला. तिपाईवर यंत्र, यंत्राच्या दुर्बिणीला एक डोळा, आणि समोर शंभर पावलांवर लाल-काळ्या आकड्यांची पट्टी उभी धरून कुणीतरी. सुट्टीत ते कुणीतरी म्हणजे मी. ऊन मी म्हणत असायचं, पट्टी माझ्यापेक्षा दुप्पट उंच, आणि लांबून बाबा हात आडवा करून खुणा करायचे. डावा हात हलला की डावीकडे, उजवा हलला की उजवीकडे, दोन्ही हात खाली आले की बस. एवढ्या लांबून हाका मारून घसा कोण फोडणार, म्हणून हाताची भाषा. जुन्या यंत्रात माणसं उलटी दिसत. "तुला मी लहानपणी उलटीच जास्त पाहिलीय," असं बाबा अजूनही पाहुण्यांना सांगतात आणि स्वतःच हसतात.

आई गेल्यावर मी त्यांना जयपूरला घेऊन आले. इथे एका कॉलेजात मी सोळा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते. नवऱ्याची नोकरी बँकेची, सध्या बदली उदयपूरला, तो शनिवार-रविवार येतो. आदर्श नगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर. मुलगी नववीत, तिचं मराठी म्हणजे आजोबांना रोजची करमणूक.

इथे आल्यावर वर्षभरात बाबांचा डावा डोळा गेला. सगळा नाही, मधला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. मग उजव्यातही तेच सुरू झालं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. सकाळी रांग, थेंब, पुन्हा थेंब, तीन तास बाकावर. त्यातून मी अकराच्या तासाला पळायची. डॉक्टरांना मी एकदा स्पष्टच विचारलं की हा डोळा किती दिवस. ते म्हणाले, लांबवू शकतो, थांबवू शकत नाही.

त्या दिवशी रिक्षात बाबा म्हणाले, "मला एक कॅमेरा घे. डोळ्याला लावायचा."

"फोन आहे की तुमच्याकडे."

"फोन हातभर लांब धरून मला काय दिसतंय, कपाळ? यंत्र डोळ्याला लावायचं असतं. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी बघितल्या त्यातून. आता माझ्या मनाचं बघतो थोडे दिवस."

थोडे दिवस हे शब्द मी ऐकले. आणि तरीही काय केलं, तर शोधाशोध करत बसले. नवा घ्यावा की वापरलेला? वापरलेला असेल तर किती फोटो काढून झालेले चालतील? गाडीचे किलोमीटर बघतात तसं कॅमेऱ्याचंही बघतात म्हणे. एक जण व्हिडिओत सांगे, जुना अजिबात घेऊ नका. दुसरा सांगे, नवा घेणारा मूर्ख. मी वहीत दोन रकाने आखले. पेपर तपासून मान मोडली की त्या वहीत एक ओळ वाढवायची आणि झोपायचं. काहीतरी केल्याचं समाधान. खरं सांगायचं तर मी इतकी दमलेली होते की निर्णय नावाची गोष्टच मला पेलत नव्हती. भाजी कुठली करायची हे कुणी विचारलं तरी रडू यायचं.

शेवटी एका रविवारी बाबांना घेऊन मोठ्या दुकानात गेले. विक्रेता चुणचुणीत. त्याने आधी आम्हाला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा दाखवला. अंकलजी, आता हाच जमाना आहे, आरशाचे कॅमेरे आता कोण घेतं? बाबांनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"हा टीव्ही आहे," ते मला म्हणाले. "आत पडदा बसवलाय चिमुकला. मला पलीकडचं बघायचंय, पलीकडच्याचं चित्र नकोय."

मग आरशाचा आला. दुकानात एकच मॉडेल उरलं होतं. त्यात खरी काच होती, खरा उजेड होता, बाबांचा चेहरा खुलला. विक्रेत्याने खोक्यावर टिचकी मारली. "नया लीजिए, मैडम. दो साल की वारंटी है."

बाबांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "आँख का भी मिलेगा क्या? दो साल?"

तो मुलगा खळखळून हसला. बाबाही हसले. मला काही हसू आलं नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि बाहेर पडले. आता वाटतं, तिथेच घ्यायला हवा होता, लगेच. पण डोक्यात वहीचे रकाने. दोन वर्षांच्या वॉरंटीसाठी एवढे जादा कशाला मोजायचे, जुना बघू, असं मी स्वतःला पटवलं. बाबा जिना उतरताना म्हणाले, "जुना चालेल. मी काय नवा आहे?"

आणखी तीन आठवडे गेले. मग बस्सीचा एक फोटोग्राफर सापडला. लग्नाचे फोटो काढणारा, त्याने नवा कॅमेरा घेतला होता आणि जुना विकायचा होता. माझी परीक्षेची ड्यूटी, वर्गात फोन नेता येत नाही, म्हणून मी त्याला बाबांचा नंबर दिला. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आला होता फोन. उद्या अकरानंतर मिळेल म्हणाला. मी बघतो, तू जा कॉलेजला."

मला बरंच वाटलं. एक काम तरी दुसरं कुणी बघतंय.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता घरी आले तर फाटकाशी चौकीदाराच्या स्टुलावर बाबा बसलेले. जूनचं ऊन, हवा भट्टीची. डोक्यावर ओला पंचा, पायाशी रिकामी बाटली, मांडीवर कापडी पिशवी, कॅमेरा ठेवायला. चेहरा लालबुंद. चौकीदार म्हणाला, अंकलजी पावणेअकरापासून बसलेत, वर जा म्हटलं तर ऐकत नाहीत.

"बाबा, काय चाललंय हे?"

"अगं, तो खाली देणार आहे ना. जिने चढायचे नसतील त्याला. अजून आला नाही."

मी तिथेच त्या फोटोग्राफरला फोन लावला. त्याला काही कळेना. मैंने तो बोला था, ग्यारह बजे के बाद खाली बॉडी मिल जाएगी, बैटरी-चार्जर साथ में.

खाली बॉडी. मी कपाळाला हात लावला. हिंदीत खाली म्हणजे नुसती. नुसती बॉडी, लेन्स नाही. आणि आमच्या सातारच्या माणसाने ऐकलं की अकरानंतर बॉडी खाली मिळेल. तिसऱ्या मजल्यावरून, एका अर्ध्या डोळ्याने कठड्याला धरून, हा माणूस खाली उतरला आणि पावणेतीन तास उन्हात बसला.

मी त्यांच्यावर ओरडले. भर रस्त्यात. "दोन वर्षं झाली इथे येऊन, खाली म्हणजे काय एवढं कळत नाही? चक्कर येऊन पडला असतात म्हणजे? मी कुठं कुठं पुरी पडू?"

बाबा उठले. पिशवीची नीट घडी घातली. म्हणाले, "तुझी वही संपेना गं. म्हटलं, आपणच घेऊन टाकावा."

वर येऊन त्यांना लिंबूपाणी दिलं आणि बाथरूमचं दार लावून रडले. सोळा वर्षं मी इथे पोटापाण्याची हिंदी बोलतेय, एकदा त्यांच्याशेजारी बसून चार शब्द समजावले असते तर काय बिघडलं असतं? अडीच महिने मी कॅमेरा निवडत होते आणि त्यांचा डोळा काही माझ्यासाठी थांबलेला नव्हता. ती वही मी त्याच दिवशी रद्दीत टाकली.

रविवारी सकाळी बस्सीला गेलो. आग्रा रोडला ट्रकच ट्रक, बाबा पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन. दुकान लहान. फोटोग्राफर पन्नाशीचा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, लग्नसराई संपवून माझ्याइतकाच थकलेला दिसत होता. खाली-खालीची हकिगत मी सांगितली तेव्हा त्याने कानाला हात लावले. उठून कपाटातून एक जुनी लेन्स काढली, फुंकर मारून पुसली आणि कॅमेऱ्यावर चढवून दिली. "अंकलजी धूप में बैठे हमारे लिए. ये साथ में ले जाइए."

कॅमेऱ्याच्या कडा झिजल्या होत्या, पट्टा घामाने पांढरा पडला होता. किती लग्नं पाहिली असतील त्याने! बाबांनी तो हातात तोलला. चष्मा काढून खिशात ठेवला. उजवा डोळा लावला आणि दाराबाहेरच्या कडुनिंबाकडे रोखला.

बराच वेळ ते तसेच राहिले. मग कॅमेरा अलगद काउंटरवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "चल घरी."

"का? काय झालं?"

"काही नाही." मग अगदी हळू, जणू त्या माणसाला मराठी कळणार होतं, "गेला वाटतं हाही. सगळा धूर आहे नुसता."

चार दिवसांपूर्वी तर डॉक्टर म्हणाले होते की बरा आहे. उन्हाने झालं का? त्या दिवशीच्या? काही सुचेना, म्हणून मी नुसता तो कॅमेरा उचलला आणि डोळ्याला लावला.

मलाही धूरच दिसला. कडुनिंब नाही, पानं नाहीत, हिरवा चिखल. मी फोटोग्राफरच्या जाड भिंगांकडे बघितलं आणि मग मला असा राग आला, असं हसू आलं, की दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"बाबा! अहो, मला पण दिसत नाहीये! त्याच्या डोळ्याला लावलंय ते! तुम्हीच सांगायचात ना? जन्मभर सांगितलंत ना?"

बाबांचा तर हा नियमच होता. साइटवर नवा माणूस आला की पहिली ताकीद ही, की दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्या यंत्रातून बघायचं नाही, आधी डोळ्याकडची काच फिरवून आपल्याला लावून घ्यायची, मग पुढचं. त्यावरून त्यांनी साहेबांनासुद्धा फटकारलं होतं. आणि आज भीतीने तेच विसरले होते.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला, मी दिसावी म्हणून. मग कॅमेरा ओढून घेतला. बोटांनी चाचपून डोळ्याच्या काचेशेजारचं इवलंसं चाक शोधलं. मी दाखवायला गेले तर हात झटकला. डोळा लावला, मान जराशी तिरकी केली आणि चाक फिरवत राहिले.

"लागलं," बाबा म्हणाले. "हात्तिच्या! पान न पान दिसतंय, जरा कडेकडेने. मूर्ख आहे मी."

"आहातच," मी म्हटलं आणि नाक पुसलं.

पाच महिने त्यांनी तो कॅमेरा गळ्यातून काढला नाही. गच्चीतली कबुतरं, समोरच्यांची वाळवणं, चौकीदाराचे पाय. शेकडो फोटो मी फोडणी देतानाचे, पेपर तपासतानाचे, तोंड उघडं टाकून सोफ्यावर झोपल्याचे. मी चिडायची. केस तरी विंचरू द्या! ते ऐकत नसत. दिवाळीनंतर फोटो कमी झाले, मग थांबले. डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली तेव्हा आम्हाला दोघांनाही आधीच ठाऊक होतं.

कॅमेरा कपाटात गेला. परवा माझ्या मुलीने तो काढला.

"आई, हे धुंधला दिसतंय. मतलब, खराब झालं काय?" म्हणत तिचं बोट त्या चाकावर गेलं.

"हात नको लावूस!" मी अशी ओरडले की पोर दचकलीच. ते बाबांचं होतं. त्यांच्या डोळ्याला लागलेलं एवढं एकच काहीतरी उरलं होतं घरात.

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. "काय झालं?"

मी सांगितलं.

"वेडी का काय तू? मी आता बघणार आहे का त्यातून? फिरव. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेलं यंत्र ठेवू नये. आण इकडे, नाहीतर तूच फिरव."

मुलीने कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला आणि चाक फिरवलं. धूर हळूहळू निघून गेला आणि बाबा आले. पांढरी दाढी, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात.

"लागलं?"

"लागलं."

"मग काढ एक. माझा कुठाय त्यात एकही?" ते उठले आणि भिंतीशी जाऊन ताठ उभे राहिले, पट्टी धरून उभं राहावं तसे. पण खिडकीचा उजेड त्यांच्या अर्ध्याच तोंडावर येत होता. मी डोळा न काढता डावा हात आडवा केला आणि हलवला. ते हलले नाहीत. मी पुन्हा हात हलवला, जरा जोरात.

मग हात खाली घेतला.

"डावीकडे, बाबा," मी म्हटलं. "अजून थोडं. अजून. बस."